शेजाऱ्यांचे फोन बंद होते

पाहुणे यायच्या आधी अश्विनीताईंनी मजल्यावरच्या तिन्ही घरांत जाऊन विनवलं, "तासभर फोन बंद ठेवा हो. सुरुचीला बघायला येतायत."

शेजाऱ्यांनी ऐकलं. अशा बाबतीत आपल्याकडे शेजारी फार समजूतदार असतात.

सुरुचीला अपस्मार होता, लोक ज्याला फिट येणं म्हणतात तो. पुनर्वसन केंद्राने तिच्या कानामागे नखाएवढी चाहूलपट्टी बसवली होती. मेंदूतल्या लहरी बिघडू लागल्या की पट्टीला ते झटक्याच्या काही मिनिटं आधी कळे आणि तिच्या ठरलेल्या 'सोबत्यां'चे, म्हणजे झटका आल्यावर काय करायचं ते केंद्रात शिकलेल्या शेजाऱ्यांचे फोन वाजत. त्यांनी उत्तर दिलं नाही, तर जवळ असेल त्या दुसऱ्या कुणाच्याही सोबत्याचा. या भरवशावर सुरुची बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती, एकटी बाजारात जात होती. फक्त लग्न जमत नव्हतं. खरं सांगितल्यावर आधीची स्थळं परत फिरली होती, म्हणून या वेळी आईने सांगायचंच नाही असं ठरवलं. सुरुचीला ते पटलं नव्हतं, पण आईचा उतरलेला चेहरा बघून तिने पट्टीवर केस ओढून घेतले.

पोहे झाले, चहा आला आणि पट्टी थरथरली. सुरुचीने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच सांगितलं, जरा कळ काढ. जणू झटका आईचं ऐकणार होता.

शेजारी कुणी उत्तर देईना. मग मुलाच्या आईच्या, पाटणेबाईंच्या पर्समधला फोन वाजला.

त्यांनी फोन पाहिला, मग सुरुचीकडे. टीपॉय बाजूला सारून त्यांनी तिच्या हातातली कपबशी काढून घेतली. "खाली आडवी हो, बाळा. मी आहे."

झटका आला तसे सुरुचीचे मामा चप्पल आणायला धावले.

"काही हुंगवू नका. तोंडात काही घालू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या डोक्याखाली शाल सरकवली, घड्याळ बघत राहिल्या आणि अंग शांत झाल्यावर तिला कुशीवर वळवलं. अश्विनीताई भिंतीला टेकून रडत होत्या. लेकीपेक्षा स्थळाची काळजी आधी मनात आली, याची त्यांना लाज वाटत होती.

थोड्या वेळाने सुरुचीने डोळे उघडले. बाईंच्या हातात अजून फोन होता.

"काकू, तुम्ही सोबती?" तिने जड जिभेने विचारलं. "कुणासाठी शिकलात?"

बाईंनी मान खाली घातली. त्यांचा मुलगा निहार इतका वेळ कोपऱ्यात उभा होता. कानांवर उतरलेले लांब केस त्याने हळूच मागे सारले.

"आई," तो म्हणाला, "आता तरी सांगायचं का?"