नॅपकिनखाली कोण होतं

"हेस्टर, तमाशा नको. ऑब्री कॉफी पिताना गेला. आम्ही सगळ्यांनी तेच सांगितलंय, तूही तेच धरून चाल."

"तो सूप वाढलं तेव्हाच गेला होता, ग्रीव्ह. आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

हे भांडण खरं आहे. पुढचंही खरं आहे. पटत नसेल तर इथेच सोडा.

यॉर्कमधल्या एका पबचा वरचा मजला. नोव्हेंबरचा पहिला रविवार, दुपारचा एक.

हेस्टर माझी मावशी.

तिथे दर महिन्याला डिटेक्टिव्ह कथांचे भक्त जेवायला जमतात. बो टाय लावतात, खिशात भिंग ठेवतात, आणि स्वतःला फार शहाणे समजतात. त्यांचा रिवाज असा, की आदल्या महिन्यात चिठ्ठी निघेल त्याने 'प्रेत' व्हायचं. खुर्चीत रेलून तोंडावर नॅपकिन घ्यायचा. बोलायचं नाही, खायचं नाही. बाकीचे जेवता जेवता खुनी शोधणार.

प्रेताला हात लावायला बंदी.

गेल्या वर्षी ऑब्री काकाची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, चिठ्ठी निघाली.

तो खरोखरच मेला.

अकरा डिटेक्टिव्ह टेबलाभोवती, आणि एकालाही पत्ता नाही. वर त्याच्या कामाची तारीफ. डॉक्टरने मावशीला सांगितलं, अंग गार पडलंय, जाऊन दोन तास झालेत. ही मंडळी मात्र शपथेवर म्हणाली, खेळ संपवून आत्ता तर कॉफी पीत होता.

मावशीला एवढंच हवं होतं, एकदा तोंडाने खरं बोला. म्हणून ती यंदा न बोलावता गेली. अध्यक्ष ग्रीव्हने नाइलाजाने तिला प्रेताशेजारी बसवलं. ह्या वेळी पाळी विल्मॉटची. तो सगळ्यांच्या आधी येऊन, नॅपकिन घेऊन बसलेला.

वाटाण्याचं सूप आलं. प्रेतासमोरही वाडगा ठेवला, तोही रिवाजच.

तेवढ्यात...

टक.

काचेच्या ग्लासावर नख.

मावशीचा चमचा थांबला. घरी पाव हवा असला की ऑब्री काका अस्सं करायचा.

...टक.

तिने नॅपकिनकडे पाहिलं. नाकाशी कापड जराही हलत नव्हतं.

"ग्रीव्ह, ह्याचा श्वास चालत नाहीये."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ग्रीव्ह हसत म्हणाला, "विल्मॉट आज ऑब्रीलाही मागे टाकणार बघ."

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं.

ओला कोट झटकत विल्मॉट आत आला. "माफ करा, गाडी उशिरा आली. सुरू केलंत का?"

टाळ्या थांबल्या.

कोणी जागचं हललं नाही. हात लावायला बंदी ना. मावशीनेच नॅपकिन ओढला.

खुर्ची रिकामी...

वाडगाही रिकामा. पावाने पुसून लख्ख केलेला.

ग्रीव्हचा चेहरा पांढराफटक. खुर्चीकडे बघतच तो म्हणाला, "सुपालाच गेला तो. आम्हाला पुडिंगला कळलं. लोक हसतील म्हणून खोटं बोललो."

मावशी उठली. तो नॅपकिन तिच्या मुठीतच राहिला.

ती जिना उतरेपर्यंत त्या दीडशहाण्यांनी वह्या काढल्या होत्या. सूप कोणी प्यायलं, यावर वाद चालला होता. मेलेल्या माणसाचं कोणाला काय.

खरं बोलून झालं. म्हणजे संपायला हवं होतं ना?

गेल्या रविवारी मी मावशीकडे जेवायला गेलो. आम्ही दोघंच. ग्लासाला कोणाचा हात लागला नव्हता.

टक...

मावशीने पाव कापून रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

आज परत रविवार आहे. तिने बोलावलंय. मला आता निघायला हवं.