पाण्याची चोरवाट

"या दोरीच्या आत पाऊल टाकलंत, तर थेट द्वारकेला परत पाठवीन!" अलकनंदामावशीने दम दिला.

वृंदा आणि उल्हास ही दिल्लीच्या द्वारका भागात राहणारी भावंडं सुट्टीत जवळच्या मानेसरला मावशीकडे आली होती. मावशी सरकारी शास्त्रज्ञ. घराजवळच्या कारखान्यात एक अजब विहीर होती. पाणी काढायची नव्हे, कारखान्याचं घाण पाणी पंपाने खोल जमिनीत ढकलायची! ते खोलच जातं की मध्येच वर चढतं, हे मावशी आज तपासत होती. दोरीने वेढलेल्या विहिरीत किरणोत्सारी द्रव्याचा थेंब सोडायचा आणि तारेला बांधलेला मीटर आत उतरवून थेंब जातो कुठे ते बघायचं.

"सगळा खोल गेला. विहीर ठीक दिसतेय," मावशी म्हणाली.

"मग आमच्या बोअरच्या पाण्याला वास कसा येतो?" कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहणारी भावंडांची मैत्रीण लता संतापली. "माझा धाकटा भाऊ त्या पाण्यानेच आजारी पडलाय!"

"टंकी साफ नहीं करते होंगे," कारखान्याचा मॅनेजर हसला.

असा राग आला तिघांना!

उल्हास मात्र कान टवकारून उभा होता. "लता, काल तुमच्या मांडणीवरची ताटं केवढी खणखणत होती! या पंपामुळेच ना?"

"रोजच वाजतात, यार!"

"आणि आज?"

लता धावत घरी जाऊन आली. "आज एकदम गप्प!"

वृंदा तडक मॅनेजरसमोर गेली. "अंकल, पंप रोज इतना ही चलता है?"

"बिल्कुल!"

"तो पूरा चलाइए! लता के घर थालियाँ नहीं बजीं, तो सबके सामने माफी माँगूँगी!"

"बच्चों के कहने से?" मॅनेजर लालबुंद झाला.

"तो मेरे कहने से," मावशी थंडपणे म्हणाली. "टेस्ट रोज के प्रेशर पर ही होती है."

पंप घुमू लागला आणि भिंतीपलीकडून ताटांचा खणखणाट सुरू झाला! तपासणीपुरता पंप हळू ठेवायची लबाडी उघडी पडली. मावशीने दुसरा थेंब सोडला. मीटर वर ओढला, तो बोअरच्या पाण्याच्या पातळीला काटा उसळला! जोर वाढताच घाण पाणी पाइपाच्या बाहेरून, तडकलेल्या सिमेंटमधून वर चढत होतं.

मावशीने विहीर तिथल्या तिथे बंद करायला लावली.

"कल से टँकर भेज देंगे," मॅनेजर पुटपुटला.

"कल नहीं, अभी!" लताने कारखान्याच्या फाटकातच बसकण मारली. वृंदा आणि उल्हासही बसले. "साफ पानी आने तक नहीं हटेंगे!"

आता तरी ही बाई पोरांना उठवील, या आशेने मॅनेजरने मावशीकडे पाहिलं.

"शाब्बास रे पोरांनो! मीटर माझा, पण चोरी पकडलीत तुम्ही," असं म्हणत मावशीनेही त्यांच्या शेजारी मांडी ठोकली.