सहावी लायब्ररी

फोल्डरमध्ये सहा फाइली होत्या : एक प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या पाच लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडच्या फाइली. घशाच्या ऑपरेशननंतर मावशीचा आवाज गेला, तेव्हा मी तो प्रोग्राम लिहिला. ती टाइप करते, तो बोलतो.

सकाळी मी नीटनेटकेपणाच्या नादात पाचही लायब्ऱ्या एका उपफोल्डरमध्ये हलवल्या. प्रोग्राम उघडेना. प्रोग्राम चालवणारी व्यवस्था लायब्ऱ्या फक्त त्याच्या शेजारीच शोधते, हे मी विसरले होते.

मावशीने कागदावर लिहिलं, 'स्वतःचं कपाट कधी आवरलंस का?'

थोड्या वेळात तिच्या मुलाचा जहाजावरून फोन येणार होता. महिनाभरातला एकच. काका गेले तेव्हाही तो समुद्रावर होता. बापलेकांचं शेवटचं बोलणं राहूनच गेलं.

मी घाईघाईने एक फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, लिहिलं : लायब्ररी सापडली नाही की व्यवस्थेने त्याला विचारायचं, त्याने ती उपफोल्डरमधून द्यायची. मागितलेलं प्रत्येक नाव पडद्यावर दिसेल असंही केलं.

पाच नावं आली. पाचही मिळाली. मग सहावं आलं : ढोल्या.

मावशीने टाइप केलं. "हे तू लिहिलंस?" प्रोग्रामने सपाट आवाजात विचारलं.

"नाही गं. कोण ढोल्या?"

"माझा लेक. फक्त तुझे काका त्याला असं म्हणायचे."

त्या नावाची फाइल कुठेच नव्हती. माझ्या फंक्शनने 'नाही' असंच उत्तर दिलं होतं. तरी ती लायब्ररी लोड झालेली दिसत होती. ती कुठल्या फोल्डरमधून आली, ते दाखवणारी जागा कोरी होती.

फोन वाजला. मावशीने तो स्पीकरवर टाकला.

"आई, ऐकू येतंय?"

तिने टाइप केलं. "जेवलास का?"

"हो. तू कशी आहेस?"

मावशीने हात उचलले; ती डोळे पुसत होती. टाइप करायची चौकट रिकामी होती.

"ढोल्या," प्रोग्राम म्हणाला, "डेकवर टोपी घालतोस ना?"



"बाबा?" तो हळूच म्हणाला.

मी कॉम्प्युटरच्या प्लगकडे हात नेला. मावशीने माझं मनगट धरलं. घट्ट.

आवाज बोलत राहिला.

पलीकडे तो आधी रडला, मग हसला.

फोन संपल्यावर मी प्रोग्रामने ठेवलेली मोजदाद पाहिली. कॉलदरम्यान टाइप झालेले शब्द : दोन. उच्चारलेले शब्द : सहाशे चार.