करडं कांबळं

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी यात काही वाढवलेलं नाही. उलट दोन-तीन तपशील गाळले आहेत, कारण ते माझ्याच्याने लिहवले नाहीत.

माझी मावसबहीण संयोगिता मिरजेला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हे तिच्या बाबतीत घडलं. अमावस्येला नाही, स्मशानात नाही. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी आठ वाजता, लख्ख उन्हात.

मिरजेपासून अर्ध्या तासावर एक डोंगर आहे. वर वनउद्यान केलंय, चालायला पायवाटा आहेत. रविवारी लोक आपापली कुत्री घेऊन चढायला येतात. डोंगराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

संयोगिताची कुत्री कारवानी जातीची. लांब पाय, बारीक कंबर, तांबूस आखूड केस. नाव हरणी. तिच्या नवऱ्याने, वीरधवलने, जतकडून पिल्लू असताना आणली होती. तो फौजेत आहे, तेव्हा आसामात होता. रोज फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "हरणी कशी हाय?"

त्या ऑक्टोबरात संयोगिता रोज खोटं सांगत होती.

हरणीला गोचीड ताप झाला होता.

पावसाळ्यानंतर डोंगरावरच्या गवतात गोचिडी माजतात. दर रविवारी संयोगिता परसात बसून हरणीच्या अंगावरून त्या काढायची. कानाच्या आत द्राक्षाच्या घोसासारख्या लटकलेल्या. पायाच्या बोटांमध्ये, शेपटीखाली. काही तिळाएवढ्या, काही रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढ्या टम्म आणि राखाडी. स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या की पाय हलवत बुडायच्या.

तिची सासू अंबूबाई नाकाला पदर लावून म्हणायची, "आगं, ही कुत्री हाय का गोचड्यांचं वारूळ?"

औषधं झाली. गोळ्या झाल्या. सलाइन झालं. हरणीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या. प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या. निरोगी कुत्र्याला दीड-दोन लाख तरी हव्यात. हरणीने खाणं सोडलं.

डॉक्टर म्हणाले, "आता वाट बघायची."

त्या रविवारी सकाळी हरणी स्वतःहून उठली आणि लटपटत मोपेडपाशी जाऊन उभी राहिली.

अंबूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हे बाई तिला. तितंच जीव रमतो तिचा. येकदा बघू दे."

"आत्या, वाटेतच काही झालं तर?"

"हितं व्हायचं ते तितं हुईल. न्हे."

डोंगरावर पोचल्यावर हरणी पायवाटेने गेलीच नाही. डावीकडे वळली. गवतातून, थांबत थांबत, एका करंजाच्या झाडाखाली आली. तिथे दगडाचा कट्टा होता. ती त्याच्यापाशी कुशीवर आडवी झाली.

सातभाई पाखरांचा कलकलाट चालू होता.

तो थांबला...

मग हरणीचा वरचा कान उलटा झाला.

वारा नव्हता. करंजाचं पानही हलत नव्हतं. कान सावकाश उलटा झाला आणि तसाच राहिला. कुणीतरी दोन बोटांत धरून आत बघावं, तसा.

झटका येतोय असं समजून संयोगिता पुढे धावली. आणि दोन पावलांवर थांबली.

हरणीच्या मानेवरचे केस दुभागत होते. बारीक, सरळ भांग. तो मानेवरून खांद्यावर आला... थांबला... तिथली कातडी चिमटीत धरल्यासारखी वर उचलली गेली... आणि सुटली.

भांग पुढे सरकला.

च्च... च्च...

दुखऱ्या जनावराला धीर देताना आपण तोंडाने करतो ना, तसा आवाज. अगदी जवळून. हाताच्या अंतरावरून.

तिथे कुणीही नव्हतं.

वास मात्र होता. ओल्या कुत्र्याचा, आणि त्यात मिसळलेला सुकलेल्या रक्ताचा लोखंडी वास. लॅबमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या बाईनेही नाकाला ओढणी लावली.

आठ दिवसांत पहिल्यांदा हरणीने शेपटी हलवली.

हे किती वेळ चाललं, संयोगिताला सांगता येत नाही. शेवटी हरणी उठली, अंग झाडलं आणि तिच्याकडे आली. संयोगिताने तिचे कान पाहिले. बोटांमधल्या फटी पाहिल्या.

एकही गोचीड नव्हती.

ती गुडघ्यांवर बसून जमिनीवर शोधू लागली. गवतात, कट्ट्यावर, दगडांच्या सांदीत.

एकही नाही.

घरी आल्यावर हरणी वाटीभर दूध प्यायली. अंबूबाईने देवापुढे साखर ठेवली. संयोगिता अंघोळीला गेली. कुर्ता काढला, तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी गार लागलं.

राखाडी. टम्म. एरंडाच्या बीएवढी.

गोचीड एवढी फुगायला आठवडा लागतो. सकाळी निघतानाही संयोगिताने अंघोळ केली होती. तेव्हा तिथे काही नव्हतं. तिने चिमट्याने ती उपटली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली.

बाहेरून अंबूबाईची किंकाळी आली.

"संयोगिता! आगं हरणीच्या नाकातनं रगात!"

योगायोग, असं तिने स्वतःला सांगितलं. फडका दाबल्यावर रक्त थांबलं. ती परत आत गेली, तर दुसरी गोचीड काखेत सापडली. ती चिमटा हातात धरून बराच वेळ उभी राहिली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. पुन्हा करून बघायला हवं होतं.

तिने दुसरीही उपटली.

या वेळी हरणीच्या दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलं आणि ती जमिनीवर कोसळली.

तिसरी गोचीड गुडघ्यामागे होती.

ती तिने काढली नाही.

सोमवारी हरणीच्या प्लेटलेट पंचावन्न हजार झाल्या. गुरुवारी नव्वद हजार. शनिवारी संयोगिताच्या गुडघ्यामागची गोचीड पोट भरून गळून पडली, आणि संध्याकाळी हरणीला पुन्हा ताप भरला.

रविवारी संयोगिता हरणीला घेऊन परत डोंगरावर गेली. उद्यानाच्या फाटकावर केरबा नावाचे म्हातारे राखणदार बसतात. तिने त्यांना त्या कट्ट्याबद्दल विचारलं.

केरबांनी विडी विझवली.

"आवं बाई, तितं गुंडा नावाचा येक गडी असायचा."

"कोण गुंडा?"

"कुनाचा कोन, काय ठावं. सीमेपल्याडचा असंल, निम्मं कानडी बोलायचा. धा-बारा कुत्री घिऊन झाडाखाली पडलेला. कुत्र्यांच्या गोचड्या काढायचा."

"मग चांगलंच की."

"काढायचा, पर मारायचा न्हाई." केरबा जमिनीवर थुंकले. "सोताच्या अंगाला लावायचा."

संयोगिताचा हात नकळत कोपराच्या आतल्या बाजूला गेला.

"म्या लय शिव्या दिल्या. म्हनलं, शानपत्ती लय झाली, घान हाय ती. तर हासायचा. म्हनायचा, मामा, ह्यास्नीबी प्वाट हाय. कुत्र्याला पेलत न्हाई, मला पेलतंय."

"आता कुठं असतो?"

"लॉकडाऊनमदी ग्येला. फाटक बंद. चार दीस कुनी वर ग्येलं न्हाई. पाचव्या दिशी म्या चढलो. कुत्री भवतीनं बसल्याली. ह्यो मदी निजलेला. मला वाटलं, करडं कांबळं पांगारलंय. म्या उठवाय हात लावला..."

ते आपला उजवा हात धोतराला पुसायला लागले.

"कांबळं हाललं, बाई."

"केरबामामा, असं होत नाही. अंग गार पडलं की गोचीड सोडून जाते. मेलेल्या माणसाचं रक्त ती पीत नाही."

"व्हय." केरबा अजून हात पुसत होते. "ते मलाबी ठावं हाय. मेंढरं राखल्याली हायत म्या. म्हनून तर आजवर कुनाला बोललो न्हाई."

हे सगळं मला संयोगिताने मे महिन्यात सांगितलं. साताऱ्याला आमच्या मामेबहिणीचं, शिवांजलीचं लग्न होतं. चाळीस डिग्री उकाडा, आणि ही मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज घालून आलेली. चेहरा मेणासारखा पांढरा. मी तिला कार्यालयातल्या वरच्या खोलीत ओढून नेलं, दाराला कडी लावली आणि बाही वर कर म्हटलं.

तिने केली.

मनगटापासून खांद्यापर्यंत कातडी दिसत नव्हती.

एकीला लागून एक. राखाडी, चकचकीत, ताणलेल्या. त्यांच्या मधल्या फटींतून बारीक पाय हलत होते. सगळा हात एका वेळी श्वास घेतल्यासारखा किंचित वर-खाली होत होता. मी बेसिनकडे धावले.

परत आले तेव्हा ती शांत बसली होती.

"दुखत नाही," ती म्हणाली. "पोट भरलं की आपणहून गळतात. पुढच्या रविवारी नव्या येतात."

"तुझं हिमोग्लोबिन किती आहे?"

"साडेसहा."

"वेडी झालीस का तू? कुत्र्यासाठी?"

"वीरधवलला मी सांगितलंय, हरणी बरी आहे. तशी ती आहे. काल सशामागे पळाली."

मी सायन्स शिकलेली बाई. मला राग आला. मी पर्समधून भुवयांचा चिमटा काढला, तिचा हात दाबून धरला आणि मनगटाजवळची एक उपटली. तिने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण अंगात जोरच नव्हता.

गोचीड माझ्या चिमट्यात पाय हलवत होती.

तिचा फोन वाजला.

अंबूबाई होत्या. मिरजेहून. स्पीकर लावायची गरजच नव्हती, एवढ्या मोठ्यांदा त्या रडत होत्या.

"आगं हरणी पडली गं! आत्ता हुंदडत हुती... तोंडातनं रगात आलंय... डोळं फिरवलं गं तिनं..."

संयोगिताने फोन चालूच खाली ठेवला. ती चिडली नाही, रडली नाही. फक्त हात माझ्यापुढे धरला. मनगटाजवळ रक्ताचा एक थेंब, आणि राखाडीत उघडी पडलेली, बोटाच्या पेराएवढी कातडी.

"ठेव परत," ती म्हणाली.

खाली मंगलाष्टकं सुरू झाली होती. फोनमधून अंबूबाईचं रडणं ऐकू येत होतं.

"माझी बोटं कापतात. मला जमणार नाही. तू ठेव."

मी ठेवली.

ती लगेच चिकटली नाही. थोडा वेळ तिच्या मनगटावर फिरली, जागा शोधली, मग डोकं खाली घातलं. मी चिमटा धरूनच उभी होते. मग फोनवरचं रडणं हळूहळू थांबलं आणि अंबूबाईचा आवाज आला, "उठली बाई... उठली. पानी पितीया."

संयोगिताने बाही खाली केली. सावकाश, बोटाबोटाने. एकही चिरडू नये म्हणून.

मी खाली गेले. अक्षता टाकल्या. जेवले नाही.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. संयोगिताचा फोन आला की मी उचलत नाही. तो चिमटा मी सातारा सोडायच्या आत फेकून दिला. हात रोज धुते, साबणाने, मग डेटॉलने. कातडी सोलवटली आहे.

मी ती ठेवत असताना दुसऱ्या कुणीतरी माझं मनगट खालून धरलं होतं. हात हलू नये म्हणून.

हे मी संयोगिताला सांगितलेलं नाही.