पेवातली ओली ज्वारी

"माह्या नवऱ्याले धम्मदीपनं मारलं. तेवढं सिद्ध करून द्या," विमलबाई म्हणाल्या. त्यांची मनगटं मोकळी होती. बांगड्या फुटून चारच दिवस झाले होते.

मलकापूरची खासगी गुप्तहेर समता इंगळे ऐकत होती. तिचा सहकारी कुलदीप वहीत उतरवून घेत होता. लिहायचा सगळं, कळायचं मात्र उशिरा.

सोनाळ्याचे भगवानराव पेवात, म्हणजे घरामागच्या जमिनीखालच्या कोठारात, ज्वारी काढायला उतरले आणि तिथेच गेले. अंगावर ओरखडाही नव्हता. आदल्या संध्याकाळी 'आत हवा ठीक आहे' असं सांगणारा गडी धम्मदीप आता कोठडीत होता.

"घरात अजून कोण?"

"मी न् धनी. बाईमाणूस मी एकलीच."

कोठडीत धम्मदीपचा आवाज बसला होता. "दिवा सोडला ताई, तळाशी बी जळत राह्यला. मंग मी सोता उतरलो. ज्वारी भिजून मोड आले होते, पायाले ऊब लागे. वावरात मालकाले सांगतलं, रातभर तोंड उघडंच राहू द्या. न् घरी गेलो."

भगवानरावांचा धाकटा भाऊ पुंजाजी तुटक बोलला. भावाभावांत जमिनीवरून वाकडं होतं.

"सकाळी गेलो तवा तोंड उघडंच होतं. दिवा आदल्या सांजीले सोडून पाह्यलाच होता, म्हणून दादा नुसती बॅटरी घेऊन उतरला. आवाज बी नाही आला त्याचा."

"तुम्ही काऊन नाही उतरले?"

"भेव लागलं."

"हाच तो," बाहेर येताच कुलदीप म्हणाला.

समता पेवापाशी वाकली. झाकणाच्या दगडाला शेणमातीचा ताजा गारा होता, नुकता वाळलेला. त्यात बोटांचे ठसे आणि बारीक गोल रेघा. ती बराच वेळ उठली नाही. हे सांगावं लागणार, याचं तिला वाईट वाटत होतं.

ओसरीवर तिने सगळ्यांना बसवलं.

"कोरडा दाणा झोपलेला असतो, भिजला की जागा होतो. आपल्यासारख्याच त्याच्या पेशी ऑक्सिजन घेऊन साखर जाळतात. ती ऊब त्याचीच. धम्मदीप उतरला तेव्हा आत हवा होती, तो खोटं बोलला नाही. नंतर तोंड रात्रभर बंद राहिलं. ज्वारीने आतला ऑक्सिजन संपवला आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचला. सकाळी नुसतं झाकण काढून तो जात नाही. भगवानरावांच्या मेंदूला ऑक्सिजन मिळालाच नाही."

"मग बंद पुंजाजींनी केलं?" कुलदीपने विचारलं.

"गाऱ्यात बांगड्यांच्या रेघा आहेत."

विमलबाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"उंदरं घुसतात म्हणून मीच लिपलं," त्या सावकाश म्हणाल्या. "दरसाल मीच लिपते. पहाटे सडा टाकाले गेली तवा दगड सरकवला. उघडं ठेवाचं हाये, हे धन्यानं मले सांगतलंच नाही. मंग कोणी विचारलं बी नाही."

कुलदीपचं लिहिणं थांबलं होतं.

विमलबाई भिंतीला धरून उठल्या, डोक्यावर पदर घेतला.

"गाडी काढा, ताई. ठाण्यात जाचं हाये. त्या पोराच्या मायले मी चार दिवस शिव्या देल्या."