पंचनाम्यातला डबा

"माझी मुलगी चोर नाही हो, बाई!" वॉचमनने हातातला जेवणाचा डबा टेबलावर आदळला. मग ओशाळून तो पुन्हा छातीशी धरला.

गुप्तहेर बाईंनी कपाळाला हात लावला. सकाळपासून हा तिसरा अशील, आणि तिघांनीही गोष्ट शेवटापासून सुरू केली होती. "आधी काय झालं ते सांगा."

गुन्हेतपास शिकवणाऱ्या कॉलेजात त्याची मुलगी वर्गात पहिली होती. पहिल्या नंबराला सुरक्षा दलात थेट नोकरी मिळायची. आज अकरा वाजता तिच्या बॅगेत अंतिम परीक्षेची उत्तरं सापडली, आणि पाच वाजता प्राचार्य तिचं नाव पटावरून काढणार होते.

"डबा घरी विसरली म्हणून मी बाराला द्यायला गेलो, तर गेटवरच ही बातमी. पोरगी रडत होती, डोळे पुसून तोंडभर शाई. सकाळपासून ठसे घ्यायचं प्रात्यक्षिक चाललं होतं तिचं."

"चला, भाऊजी," बाई म्हणाल्या. त्यांचे दीर निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना सगळं कळायचं, फक्त एक दिवस उशिरा.

कॉलेजात ती बॅग उघडीच पडली होती आणि येणारा-जाणारा आत डोकावत होता. बाईंचा पारा चढला. "तपास शिकवता की बाजार भरवता?"

"पुरावा आहे, पंचनामा आहे. आणखी काय हवं?" प्राचार्यांनी उत्तरांचा कागद पुढे केला. पांढराशुभ्र, एक डाग नाही.

"थोडी अक्कल," बाई पुटपुटल्या.

पंच म्हणून सही केली होती दुसऱ्या नंबराच्या मुलाने.

"पंचनामा वाचला होतास?"

"नाही. मामांनी... म्हणजे सरांनी सांगितलं, सही कर. केली."

"पंच होतास की नंदीबैल?"

पंचनामा शिकवणाऱ्या सरांनी आपला कागद मोठ्या अभिमानाने दाखवला. "खाडाखोड मला खपत नाही. एका रेघेला दोन गुण कापतो. जागेवर, एकेक वस्तू बघत लिहिलंय."

बाईंनी वाचलं. "वह्या दोन, छत्री एक, जेवणाचा डबा एक, पाण्याची बाटली एक, उत्तरांचा कागद एक."

"अक्षर काय सुरेख आहे, वहिनी!"

"भाऊजी, अक्षर नका हो बघू!"

पावणेपाचला बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मुलगी भिंतीशी उभी होती, वडील दारात.

"भाऊजी, बॅग रिकामी करा."

"वह्या, छत्री, बाटली... डबा नाही. कुणी खाल्ला वाटतं."

"तो तिकडे दारात आहे. बारा वाजेपर्यंत घरी होता. मग अकराला तो सरांना बॅगेत कसा दिसला?"

बाईंनी पंचनाम्यावर बोट ठेवलं.

"दिसलाच नाही. ती रोज डबा आणते, म्हणून सरांनी तो घरी बसून आधीच लिहून टाकला. जागेवर लिहिताना खाडाखोड झाली असती ना! पण त्याच यादीत उत्तरांचा कागदही आहे. तो सापडणार हे आधी कुणाला माहीत होतं? ज्याने ठेवला त्यालाच. आणि या पोरीची बोटं बघा. हिने हात लावला असता तर कागद पांढरा राहिला असता?"

"पण सर असं का करतील?" भाऊजींनी विचारलं.

"मामा कुणाचे आहेत ते?" बाई वैतागल्या. "ही गेली की नोकरी भाच्याला!"

"मामा, मी मागितली होती का?" मुलगा उसळून म्हणाला. सरांनी मान खाली घातली.

प्राचार्यांनी तो पंचनामा फाडायला घेतला. बाईंनी हात धरला. "पुरावा आहे तो! आता नवा करा. हिला लिहू दे."

मुलीने पेन घेतलं. "जेवणाचा डबा एक. वेळ, पाचला दहा कमी. आणणारे, वडील." कागदावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

"अरेरे, डाग पडला," भाऊजी म्हणाले.

"पडू दे," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच चिडल्या नाहीत.

वडिलांनी डब्याचं झाकण उघडलं. "लिहून झालं असेल तर जेव आता."