निंबावरचे एकोणीस

त्या काळात विमानांची इंजिनं बिघडत नसत. बिघडण्याआधीच ती बंद केली जात.

याला पूर्वछेद म्हणायचे. कल्पना साधी होती. धातू तुटण्याआधी त्याची थरथर बदलते. माणसाच्या कानाला ती कळत नाही, यंत्राला कळते. मग विमान भर वस्तीवर कोसळेपर्यंत वाट कशाला बघायची? खाली माणसं नसतील अशा जागी यंत्रच इंजिन बंद करी आणि वैमानिकाला पडद्यावर बाण दाखवी, की इथे उतर. खालची माणसं ते मोबाईलवरून मोजायचं. मोबाईल तिथे माणूस. मोबाईल नाही, माणूस नाही. हे ठरवणाऱ्यांनी जन्मात कधी चिखलात हात घातला नव्हता.

पूर्वछेदाने हजारो जीव वाचले, असं तो विकणारी कंपनी सांगे. त्यातला एकही माणूस कुणाला दाखवता येत नव्हता.

त्या सकाळी रुबाब तडवीने खानदेशातल्या एका धावपट्टीवरून छोटं विमान उचललं. मागे चार प्रवासी. झाडांचे शेंडे खाली गेले न गेले, तोच इंजिन गप्प. खोकलं नाही, थरथरलं नाही. नळ बंद करावा तसं.

एवढ्याशा उंचीवरून मागे वळता येत नाही. वळलं की विमान दगडासारखं पडतं. नाक खाली घालायचं आणि समोर मिळेल तिथे टेकायचं. बाण कांद्याचं वावर दाखवत होता. माणसं शून्य. रुबाबने काचेतून पाहिलं तर वावरात बाया ओळीने वाकलेल्या, लाल-हिरवी लुगडी खोचून. त्याने नाक जरासं डावीकडे नेलं, निंबाजवळच्या मोकळ्या नांगरटीकडे.

यंत्र किंचाळलं, "एकोणीस माणसं! एकोणीस!"

निंबाखाली कुत्रंसुद्धा नव्हतं. पंख झाडाला धडकून तुटला. प्रवासी खरचटून, लंगडत बाहेर पडले, तोवर निंब पेटला होता.

आठ दिवसांनी रुबाब डॉ. शाल्मली वर्टीकरांसमोर बसला होता. पूर्वछेद त्यांच्याच डोक्यातून निघालेला. रुबाबचा परवाना जप्त झाला होता. शेजारी भुरीबाई, त्या बायांची मुकादमीण, कुणी बोलावलं नसताना आलेली. टेबलावर उघडलेलं इंजिन.

"यात तडा कुठेय?" रुबाबने विचारलं.

"अजून नाही. बारा मिनिटांनी पडला असता. शहरावर."

"कशावरून?"

"यंत्राने सांगितलं."

"मग चालवून बघा ना हे."

"आपटलेलं इंजिन आहे. आता काही निघालं तरी तुम्हीच म्हणाल, आपटल्यामुळे."

"म्हणजे तुमचं खोटं कधी पकडताच येणार नाही. झकास सोय आहे, मॅडम."

वर्टीकरांनी चष्मा पुसला. "तुम्ही बाण सोडून एकोणीस माणसांवर विमान नेलंत. परवाना त्यासाठी गेलाय."

"ओ मॅडम," भुरीबाई मध्येच पडली, "ती माणसं नाय, आमचे मोबाईल! कांद्याच्या लागणीला हात चिखलात असतात. म्हणून समदे एका पिशवीत घालतो आन निंबाला टांगतो. ते जळाले. भरून द्या."

 वर्टीकरांनी संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवला. "एकोणीस मोबाईल आगीत एकदम बंद पडले. यंत्राने त्याचा अर्थ लावला."

"काय अर्थ?"

"तुम्ही सगळ्या मेलात."

भुरीबाई पदराआड खो खो हसली. "माय वो! मंग हे बोलतंय कोण?"

रुबाब हसला नाही. "दुरुस्त करा. ह्यांनी नवे मोबाईल घेतलेत."

"नाव तेच असणार. यंत्र समजेल, मेलेल्याचं नाव दुसरं कुणी वापरतंय. मोजणार नाही." त्यांचा आवाज खाली आला. "मेलेल्याला परत मोजणीत घ्यायची सोय आम्ही ठेवलीच नाही. गरज काय होती? अर्ज करा. वेळ लागेल."

इतके दिवस रुबाबचा संशय इंजिनावर होता. आता त्याने वळून भुरीबाईकडे पाहिलं.

"म्हणजे ह्या बाया जिथे वाकतील, ती जागा तुमच्या यंत्राला रिकामी?"

वर्टीकरांनी इंजिनावर फडकं पांघरलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वावरात कांद्याची राहिलेली लागण होती. रुबाब भल्या सकाळी बांधावर येऊन उभा राहिला. "भुरीताई, आज नका."

"रोपं सुकली तर तू लावशील का भाऊ?" तिने कमरेला खोचलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नवा मोबाईल थोपटला. "हे बघ. आज समद्यांनी जवळ ठेवलाय. कसं मोजत नाय तुझं यंत्र, बघतेच."

ती ओळीत जाऊन वाकली.

धावपट्टीवरून सकाळचं विमान उठलं. बायांनी माना वर केल्या. रुबाबने डोळे मिटून कान लावले. आवाज एकसारखा होता, गुळगुळीत, निरोगी. असं इंजिन वर्षभर चाललं असतं.

विमान वावराच्या तोंडाशी आलं, आणि आवाज थांबला. खोकला नाही, थरथर नाही.

नळ बंद करावा तसा.